युक्रेनच्या चित्रांत, फोटोंत आणि तुरुंगात सापडणारी क्वीअर शरीरं

कीवमध्ये खानेन्को म्युझियम आहे. त्याच्या संग्रहात एक छोटी लाकडी फळी आहे, साधारण २८ सेंटिमीटर उंच आणि ४२ रुंद, आणि तिच्यावर वितळलेल्या मेणात रंग कालवून दोन तरुण रंगवलेत. दाढीमिशी नाही, मोठे डोळे, गळ्यात सोन्याचं जाड कडं, दोघांच्या डोक्यामागे तेजोवलय, आणि दोघांच्या बरोबर मधे, जरा वर, एका छोट्या गोलात ख्रिस्ताचा चेहरा. सहाव्या-सातव्या शतकातलं काम आहे हे. सिनाईच्या सेंट कॅथरिन मठातून एकोणिसाव्या शतकात पोर्फिरी उस्पेन्स्की नावाच्या धर्मगुरूने ते आणलं. इतक्या जुन्या ख्रिस्ती प्रतिमा जगात फार थोड्या उरल्यात, कारण आठव्या-नवव्या शतकात बायझंटाईन साम्राज्यात प्रतिमा फोडायची लाटच आली होती, सिनाई लांब वाळवंटात म्हणून तिथलं वाचलं.

हे दोघं म्हणजे संत सर्जियस आणि संत बॅकस. कथा अशी की दोघं रोमन सैन्यात वरच्या हुद्द्यावर होते, एकमेकांचे जिवाभावाचे, आणि गुपचूप ख्रिस्ती झालेले. ज्युपिटरच्या देवळात बळी द्यायला नकार दिला म्हणून पकडले गेले. शिक्षा काय, तर आधी सैनिकी पट्टे आणि गळ्यातली कडी काढून घेतली, मग दोघांना बाईचे कपडे घातले आणि साखळ्या बांधून शहरभर फिरवलं. बॅकस फटके खाऊन मेला. सर्जियसला खिळे ठोकलेले बूट घालून पळवलं आणि मग मारलं, पण त्याआधी रात्री कोठडीत बॅकस त्याच्या समोर आला आणि धीर धर म्हणाला, मी तुझ्याबरोबर आहे, असं त्या जुन्या कथेत येतं.

आता चित्राकडे परत बघा. जुन्या रोमन लग्नाच्या चित्रांत नवरा-बायकोच्या मधे एक तिसरा माणूस असायचा, लग्न लावणारा, साक्षीदार म्हणा. इथे त्या जागी ख्रिस्त आहे. म्हणून जॉन बॉसवेल या अमेरिकन इतिहासकाराने १९९४ मध्ये मांडलं की पूर्वेकडच्या चर्चमध्ये दोन पुरुषांना बंधनात बांधायचा विधी होता आणि त्याच्या प्रार्थनेत या जोडीचं नाव घेतलं जायचं. बऱ्याच अभ्यासकांना हे पटलं नाही, त्यांचं म्हणणं तो भाऊ मानायचा विधी होता, लग्नाचा नव्हता. वाद अजून चालूच आहे. पण वादात एक गोष्ट बाजूला पडते असं मला नेहमी वाटतं, ती म्हणजे बाईचे कपडे. पुरुषाला बाई करून रस्त्यावर फिरवणं ही शिक्षा होती, त्याचा पुरुषपणा, त्याचा हुद्दा काढून घ्यायचा मार्ग होता. आणि चित्रकाराने काय केलं, तर कडी परत गळ्यात घातली आणि दोघांना शेजारी-शेजारी बसवलं.

इथून सुरुवात केली कारण युक्रेनमध्ये (आणि फक्त तिथेच नाही) सारखं ऐकू येतं की हे एलजीबीटी वगैरे सगळं पश्चिमेकडून आलेलं फॅड आहे, आमच्या मातीत असलं काही नव्हतं. माझं म्हणणं एवढंच आहे की होतं, भरपूर होतं, पण ज्याच्या हातात सत्ता त्याने त्याला कधी शिक्षा म्हटलं, कधी रोग, कधी गुन्हा, कधी घाण, आणि म्युझियमच्या पाट्यांवर गप्प बसणं सोपं होतं. क्वीअर म्हणजे इथे मी ढोबळपणे असं धरतोय की बाई-पुरुष या दोन कप्प्यांत किंवा बाई-पुरुषाच्याच प्रेमात जे शरीर बसत नाही, किंवा बसायला नकार देतं, ते. आणि एक काळजी घ्यायची आहे, हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला आजचं लेबल चिकटवायचं नाही. बॅकसला गे म्हणायची गरज नाही. पण 'नुसते मित्र होते' असं म्हणून विषय बंद करणं हेही लेबलच आहे, फक्त ते कुणाला दिसत नाही.

अजून मागे जायचं तर हेरोडोटस हा ग्रीक लेखक आजच्या युक्रेनच्या गवताळ प्रदेशात राहणाऱ्या सिथियन लोकांबद्दल लिहितो, की त्यांच्यात एनारी म्हणून अर्धे पुरुष अर्धे स्त्री असे भविष्य सांगणारे लोक होते, लिंडन झाडाची साल बोटांना गुंडाळत आणि सोडत ते भाकीत करायचे. तो परका माणूस, ऐकीव लिहितोय, हे धरूनच वाचायचं, पण असे लोक होते आणि भविष्य सांगायचं काम त्यांच्याकडे होतं एवढं त्यातून कळतं.

आणि गावाकडे बघायचं तर मलान्का. जुन्या कॅलेंडरप्रमाणे नववर्षाच्या आदल्या रात्री, म्हणजे १३ जानेवारीला, मुलांची टोळी सोंगं घेऊन घरोघर फिरते आणि त्यातली मुख्य मलान्का ही बहुतेक ठिकाणी बाईचा वेष घेतलेला तरुण मुलगाच असतो. ती घरात शिरते आणि सगळी कामं उलटी करते, पाणी सांडते, चुलीऐवजी बाकच सारवते. कोकणात शिमग्याला संकासुरासोबत राधा नाचते आणि राधेच्या साडीत पुरुष असतो, तसंच काहीसं. बुकोविनामधल्या वाश्किव्त्सी गावची मलान्का तर प्रसिद्धच आहे. सोंग म्हणजे क्वीअर असं मी म्हणत नाहीये, रात्र संपली की सगळे आपापल्या कपड्यात परत जातात, तेवढ्यापुरतीच परवानगी असते. पण कपडा बदलला की शरीराचा अर्थ बदलतो हे गावाला नीट माहीत होतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला येऊ. पोल्टावा शहरात व्सेव्होलोद माक्सिमोविच नावाचा मुलगा जन्मला, १८९४ ला, आणि १९१४ मध्ये मॉस्कोत त्याने आत्महत्या केली, वीस वर्षांचा. मधल्या एवढ्याशा काळात त्याने प्रचंड मोठे कॅनव्हास रंगवले, 'मास्करेड', 'मेजवानी' वगैरे, बरेचसे १९१३ चे, आज कीवच्या राष्ट्रीय कला संग्रहालयात आहेत. उघडी शरीरं, पुरुषांची आणि बायकांची, सगळी सारखीच सजवलेली, आजूबाजूला छोट्या छोट्या वर्तुळांची इतकी दाट नक्षी की शरीर कुठे संपतं आणि दागिना कुठे सुरू होतो कळत नाही. त्या काळच्या चित्रात पुरुष म्हणजे बघणारा आणि बाई म्हणजे बघितली जाणारी असा सरळ हिशोब असायचा, इथे पुरुषाचं शरीरही तसंच मांडलेलं आहे, नाजूक, बघण्यासाठी. मॉस्कोत त्याचं प्रदर्शन चाललं नाही. या चित्रकाराबद्दल जगाला खूप उशिरा कळलं आणि त्याच्यासाठी मला खरंच वाईट वाटतं.

कीवमध्ये त्याच सुमारास नाचातही काहीतरी घडत होतं. व्हास्लाव निजिन्स्की हा जगप्रसिद्ध नर्तक कीवमध्ये जन्मलेला, आईवडील पोलिश नर्तक. 'बॅले रूस' ही नाचमंडळी चालवणाऱ्या सर्ज डियागिलेव्हशी त्याचे प्रेमसंबंध होते हे सगळ्यांना माहीत होतं. त्याची बहीण ब्रोनिस्लावा निजिन्स्का हिने १९१९ मध्ये कीवमध्ये नाचाची शाळा काढली, तिथे अलेक्झांड्रा एक्स्टर, वादिम मेलर असे चित्रकार जोडलेले होते, मेलरने तिच्या नाचांसाठी काढलेली वेषांची चित्रं बघा, शरीराचे कोन कोन करून टाकलेत, त्यात बाई की पुरुष हा प्रश्नच मागे पडतो. १९२१ मध्ये ती देश सोडून निघाली आणि १९२४ मध्ये तिने बसवलेल्या एका बॅलेत निळ्या मखमली कोटातली, पांढरे हातमोजे घातलेली एक मुलगी येते जी मुलगा आहे की मुलगी हे नक्की ठरत नाही, आणि राखाडी कपड्यातल्या दोन मुली एकमेकींना धरून नाचतात. तिच्या कीवच्या स्टुडिओत शिकलेला सर्ज लिफार पुढे डियागिलेव्हचा लाडका झाला, पॅरिस ऑपेराचा बॅले त्याने वर्षानुवर्षं चालवला, आणि त्याच्या थडग्यावर लिहिलंय 'कीवचा सर्ज लिफार'.

मग दार बंद झालं. १९३३ च्या डिसेंबरमध्ये आणि १९३४ च्या मार्चमध्ये स्टॅलिनच्या सरकारने पुरुषांमधले समलैंगिक संबंध गुन्हा ठरवले, आणि हा कायदा सगळ्या सोव्हिएत प्रजासत्ताकांत लागू झाला, युक्रेनमध्येही. शिक्षा पाच वर्षांपर्यंत, जबरदस्ती वगैरे असेल तर आठपर्यंत. बायकांचं नाव कायद्यात नव्हतं, पण त्यांना मनोरुग्ण ठरवून दवाखान्यात टाकलं जायचं. आपल्याकडचं ३७७ कलम ब्रिटिशांनी १८६० मध्ये आणलं आणि ते आपल्या संस्कृतीचं रक्षण करतं असं लोक म्हणत राहिले २०१८ पर्यंत. युक्रेनमध्येही जो कायदा मॉस्कोहून आला त्यालाच नंतर 'आमची परंपरा' म्हणणारे निघाले.

आणि गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखी गोष्ट आहे, की ज्या काळात पुरुषाचं पुरुषावर प्रेम तुरुंगात नेत होतं त्याच काळात सोव्हिएत चित्रं पुरुषांच्या उघड्या शरीरांनी भरलेली होती. खेळाडू, सैनिक, कामगार. खार्किव्हच्या कलाशाळेत शिकलेला अलेक्सांद्र देइनेका १९३५ मध्ये 'दोन्बासमधली जेवणाची सुट्टी' रंगवतो (दोन्बास म्हणजे पूर्व युक्रेनमधला कोळसाखाणींचा भाग), आज ते चित्र रिगामध्ये आहे. नागडे तरुण कामगार पाण्यातून आपल्या दिशेने पळत येतायत, मागे रेल्वे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोन्बासच्याच एका खाणीत स्ताखानोव्हने एका पाळीत १०२ टन कोळसा काढल्याचं जाहीर झालं आणि खाणकामगार देशाचा हिरो झाला. म्हणजे शरीर दाखवायला ना नव्हती. ते निरोगी असलं पाहिजे, सरकारच्या कामाचं असलं पाहिजे, आणि त्याच्याकडे बघून कुणाला काही वाटलं तर ते बोलायचं नाही. ही खाण आणि हा हिरो लक्षात ठेवा, पुढे परत येतील.

आता पराजानॉव्ह. याच्यावर मी जरा जास्त थांबणार आहे.

सेर्गेई पराजानॉव्ह हा सिनेमा दिग्दर्शक, जन्माने आर्मेनियन, गाव जॉर्जियातलं तिबिलिसी, पण काम कीवच्या दोव्झेन्को फिल्म स्टुडिओत. १९६५ मध्ये त्याचा 'विसरलेल्या पूर्वजांच्या सावल्या' आला, कार्पेथियन डोंगरातल्या हुत्सुल लोकांची गोष्ट, आणि युक्रेनियन भाषेतल्या सिनेमाला एकदम नवा जीव आला. कीवमध्ये 'उक्रायिना' थिएटरात ४ सप्टेंबरला खेळ होता तेव्हा इवान द्झ्युबा या साहित्य समीक्षकाने उभं राहून सांगितलं की युक्रेनियन लेखक-विचारवंतांना अटक होतेय, आणि पत्रकार चोर्नोव्हिल, कवी स्तुस असे लोक त्याच्या बाजूने उभे राहिले. पराजानॉव्हनेही नंतर निषेधाच्या पत्रांवर सह्या केल्या. तेव्हापासून तो सरकारच्या डोळ्यात होता. डिसेंबर १९७३ मध्ये कीवमध्ये अटक झाली आणि १९७४ मध्ये समलैंगिक संबंध आणि आणखी काही आरोपांखाली पाच वर्षं सक्तमजुरी.

इथे बहुतेक लेख एकच वाक्य लिहितात, खोटा गुन्हा लावला. त्याला आत टाकायचं कारण राजकीय होतं यात मला शंका नाही. पण पुरुषांबद्दलचं आकर्षण त्याने मित्रांपासून काही लपवलं नव्हतं, त्याच कारणासाठी १९४८ मध्ये तिबिलिसीतही त्याला शिक्षा झाली होती. त्याचं लग्न झालेलं होतं, पुढे घटस्फोट झाला, मुलगा होता, आधीच्या बायकोला, स्वित्लानाला, तो तुरुंगातूनही पत्रं लिहायचा. हे सगळं एकाच माणसात होतं. त्याचे चाहते जेव्हा 'छे, तो तसला नव्हता, बदनामी केली' म्हणतात तेव्हा त्याला वाचवतायत असं त्यांना वाटतं, पण त्यात 'तसला' असणं ही बदनामीच आहे हे ते सरकारचं म्हणणं मान्य करून टाकतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं कारण युक्रेनच्या कलेच्या इतिहासात त्याला हुतात्मा म्हणून जागा मिळाली, पण क्वीअर माणूस म्हणून मिळायला कितीतरी वर्षं गेली.

तुरुंग युक्रेनमधलेच होते, विन्नित्सिया भागात आणि पूर्वेला लुहान्स्क भागात. या कलमाखाली आलेल्या कैद्याची जागा कैद्यांच्या उतरंडीत सगळ्यात खाली असायची, त्याच्या भांड्याला कुणी हात लावत नसे, हे सोव्हिएत छावण्यांबद्दल ज्यांनी लिहिलंय ते सगळे सांगतात. तिथे कॅमेरा नाही, फिल्म नाही. मग तो मिळेल त्यात काम करायला लागला. पोत्याच्या कापडाच्या बाहुल्या शिवल्या, वाळलेली फुलं आणि कागदाचे तुकडे चिकटवून कोलाज केले, सोबतच्या कैद्यांची चित्रं काढली. आणि दुधाच्या-केफिरच्या बाटल्यांवर ॲल्युमिनियमच्या पातळ चकत्यांची झाकणं असायची, ती गोळा करून खिळ्याने त्यावर चेहरे कोरायचा, जुन्या नाण्यांसारखे दिसणारे, त्यांना तो थालेर म्हणायचा. झाकण बोटभर मोठं, दाब जरा जास्त पडला की फाटणार, आणि त्यावर राजाच्या मुकुटाची नक्षी. लुई आरागाँ या फ्रेंच कवीने सोव्हिएत नेता ब्रेझनेव्हकडे शब्द टाकला आणि ३० डिसेंबर १९७७ ला तो मुदतीच्या वर्षभर आधी सुटला. युक्रेनमध्ये परत काम करायला मिळालं नाही. १९९० मध्ये गेला. त्याच्या त्या झाकणांचं आणि कोलाजचं म्युझियम येरेवानला आहे, म्हणजे कीवमध्ये केलेल्या गुन्ह्याची आणि युक्रेनच्या छावण्यांत केलेल्या कलेची जागा आर्मेनियात आहे.

पराजानॉव्ह पकडला गेला साधारण त्याच वर्षांत खार्किव्हमध्ये काही तरुण फोटोग्राफर वेगळंच काहीतरी करत होते. १९७१ मध्ये येव्हगेनी पाव्लोव्ह आणि युरी रुपिन यांनी 'व्रेम्या' नावाचा ग्रुप काढला, बोरिस मिखाइलोव्हही त्यात होता. तेव्हा हौशी फोटोग्राफरनी क्लबमध्ये जायचं, कामगारांचे हसरे फोटो काढायचे अशी पद्धत. उघड्या शरीराचा फोटो म्हणजे पोर्नोग्राफीचा गुन्हा लागायची भीती. या लोकांनी ठरवलं की फोटोने बघणाऱ्याला फटका बसला पाहिजे, त्याला ते स्वतःच 'फटक्याची थिअरी' म्हणायचे.

पाव्लोव्हची १९७२ ची 'व्हायोलिन' ही मालिका बघा. शहराबाहेर पाण्याच्या काठी लांब केस वाढवलेली हिप्पी मुलं, अंगावर काही नाही, आणि त्यांच्यात एक व्हायोलिन. कुणी ते हातात धरलंय, कुणी नुसतं उभं आहे. देइनेकाच्या चित्रातली मुलंही पाण्याजवळच होती, पण ती पळतायत, त्यांना पाळीवर परत जायचंय. ही कुठेच जात नाहीयेत. हडकुळी आहेत, एकमेकांजवळ आहेत, कशाच्याच उपयोगाची नाहीत, आणि सोव्हिएत नजरेला हेच खुपणारं होतं, कारण पुरुषाच्या शरीराला काम नसेल तर मग ते कशासाठी दाखवताय हा प्रश्न येतोच. देशात छापणं शक्य नव्हतं, १९७३ मध्ये पोलंडच्या एका फोटोग्राफी मासिकाने छापली. रुपिनने त्याच सुमारास सार्वजनिक न्हाणीघरातल्या पुरुषांचे फोटो काढले, पोटं सुटलेली, पाठी वाकलेली, वाफ आणि बादल्या. यातला कुणीही स्वतःला गे म्हणत नव्हता. पण पुरुष पुरुषाकडे शांतपणे, जवळून बघतोय हे या फोटोंनी परत शक्य केलं.

मिखाइलोव्ह कारखान्यात इंजिनियर होता, बायकोचे उघडे फोटो केजीबीच्या हाती लागले आणि नोकरी गेली. सोव्हिएत युनियन पडल्यावर, १९९२ मध्ये, त्याने 'मी मी नाही' अशी मालिका केली ज्यात मॉडेल तो स्वतः आहे. पन्नाशीतला माणूस, नागडा, कधी डोक्यावर कुरळ्या केसांचा टोप, कधी हातात तलवार, कधी रबरी लिंग, पोज सगळ्या हिरोच्या. ज्या देशाने पुरुष कसा असावा हे ठरवलं होतं तो देशच उरला नाही, मग आता या शरीराचं करायचं काय, असा प्रश्न त्यात दिसतो. मला त्यात विनोदापेक्षा भीती जास्त जाणवते.

१२ डिसेंबर १९९१ ला युक्रेनने समलैंगिक संबंधांचं कलम काढून टाकलं, आधीच्या सोव्हिएत देशांत सगळ्यात पहिल्यांदा. रशियाने १९९३ मध्ये काढलं. कायदा गेला, नजर नाही गेली.

आणि आता ती खाण. १९९७ मध्ये आर्सेन सावादोव्ह हा कीवचा आर्टिस्ट दोन्बासच्या खऱ्या खाणीत गेला, खऱ्या खाणकामगारांना, पाळी संपवून कोळशाने काळे झालेल्या, बॅलेरिनाचे पांढरे टुटू, म्हणजे जाळीचे घेरदार झगे, घालायला दिले आणि फोटो काढले. 'दोन्बास-चॉकलेट' म्हणून ही मालिका ओळखली जाते. काही जण त्या घेराशिवाय पूर्ण उघडे आहेत. चेहऱ्यावर हसू नाही, दमलेले आहेत, बाकावर बसलेत, पांढऱ्या जाळीवर काळे हात. हे समजायला दोन गोष्टी माहीत पाहिजेत. एक, खाणकामगार म्हणजे ताकदीचा पुतळा, स्ताखानोव्हपासून. पण नव्वदीत खाणी बंद पडत होत्या आणि पगार महिनोन् महिने मिळत नव्हते. दोन, बॅले म्हणजे सोव्हिएत सत्तेची शान, इतकी की ऑगस्ट १९९१ मध्ये मॉस्कोत बंडाचा प्रयत्न झाला तेव्हा टीव्हीवर बातम्यांच्या जागी 'स्वान लेक' चालू होतं. सावादोव्हने दोन्ही एकाच अंगावर चढवलं.

या फोटोंबद्दल माझं मन दोन्हीकडे ओढतं. एकीकडे, इतक्या थेटपणे पुरुषपणाचं कवच उघडून दाखवणारं दुसरं काम युक्रेनमध्ये मला माहीत नाही, आणि त्या घेरात ते पुरुष हास्यास्पद दिसत नाहीत, उलट त्यांच्या शरीराचा थकवा पहिल्यांदा नीट दिसतो. दुसरीकडे, कीवहून आलेला आर्टिस्ट, पगार थकलेले कामगार, आणि बाईचा कपडा हे पुन्हा धक्का देण्याचं साधन. सर्जियस-बॅकसच्या गोष्टीत बाईचा वेष अपमान करण्यासाठी होता, इथे तो नक्की काय आहे याचं उत्तर प्रत्येक फोटोत वेगळं मिळतं. म्हणूनच ते बघत राहावंसं वाटतं.

पुढच्या काळात प्रश्न असा झाला की क्वीअर लोक स्वतःच कॅमेऱ्यामागे आले आणि मग राग खरा बाहेर पडला. फेब्रुवारी २०१२ मध्ये कीव-मोहिला अकादमी या मोठ्या, उदारमतवादी म्हणून नाव असलेल्या विद्यापीठात 'युक्रेनियन शरीर' हे प्रदर्शन लागलं, तिथल्याच व्हिज्युअल कल्चर रिसर्च सेंटरने केलेलं. गे असल्याचं उघडपणे सांगणारा आर्टिस्ट अनातोली बेलोव्ह याच पिढीतला. विद्यापीठाचे प्रमुख सेर्हिय क्वित यांनी काही दिवसांतच प्रदर्शनाला कुलूप लावलं, हे प्रदर्शन नव्हे, घाण आहे असं त्यांचं म्हणणं, आणि थोड्याच आठवड्यांत त्या सेंटरलाही विद्यापीठातून बाहेर पडावं लागलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संसदेत 'समलैंगिकतेच्या प्रचारावर' बंदी घालणारं विधेयक पहिल्या वाचनात पास झालं होतं, सुदैवाने पुढे गेलं नाही. आणि २९ ऑक्टोबर २०१४ ला, सरकार उलथवणाऱ्या मैदान आंदोलनानंतर, मोलोदिस्त फिल्म फेस्टिव्हलच्या एलजीबीटी विभागातला सिनेमा चालू असताना कीवचं जुनं झोव्तेन थिएटर पेटवलं गेलं. पडद्यावर वीकेंडला बाईचे कपडे घालणाऱ्या एका नवऱ्याची फ्रेंच गोष्ट चालू होती. माणसं सगळी वाचली, छप्पर जळालं.

म्हणजे बघा, हे करणारे रशियाचे नव्हते, घरचेच होते. हे सांगणं मला गरजेचं वाटतं, कारण आज युद्धामुळे सगळा दोष एका बाजूला ढकलणं सोपं झालंय.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. दोनेत्स्कमध्ये उष्णतारोधक साहित्य बनवणाऱ्या जुन्या कारखान्यात २०१० पासून इझोल्यात्सिया हे कलाकेंद्र होतं. त्याच्या धुराड्यावर कॅमेरूनच्या पास्काल मार्तिन तायू या आर्टिस्टने एक अवाढव्य लिपस्टिक बसवली होती, दोनेत्स्कच्या बायकांना अर्पण केलेली. जून २०१४ मध्ये रशियाच्या पाठिंब्यावरच्या सशस्त्र गटाने जागा ताब्यात घेतली, तिथलं तुरुंग आणि छळछावणीत रूपांतर झालं, आणि पुढच्या वर्षी ते धुराडं लिपस्टिकसकट स्फोटाने पाडलं. क्रिमियात केर्चला जन्मलेल्या मारिया कुलिकोव्स्काने स्वतःच्या शरीराचे साचे घेऊन साबणाच्या मूर्ती तिथे आवारात उभ्या केल्या होत्या, पाऊस-उन्हात हळूहळू विरघळाव्यात म्हणून. त्या बाईच्या उघड्या मूर्ती म्हणजे विकृत कला, असं म्हणत त्या सशस्त्र गटाने त्यांच्यावर गोळ्या झाडून नेमबाजीचा सराव केला. त्याच २०१४ मध्ये कुलिकोव्स्काने स्वीडनमध्ये जॅकलिन शाबो या आर्टिस्टशी कायदेशीर लग्न केलं, परफॉर्मन्स म्हणून, पण कागद खरे. युक्रेनच्या राज्यघटनेचं ५१ वं कलम लग्न म्हणजे स्त्री आणि पुरुषाच्या संमतीने होणारं असं सांगतं, त्यामुळे तेव्हा सीमेच्या एका बाजूला ती विवाहित होती आणि दुसऱ्या बाजूला अविवाहित. कलेचं माध्यम म्हणजे तिचं स्वतःचं अंग आणि सरकारी सही.

याच कलाकेंद्राने नंतर कीवमध्ये जागा घेतली आणि तिथे २०१८ मध्ये आन्तोन शेबेत्कोने 'आम्ही इथे होतो' हे प्रदर्शन केलं, पूर्वेच्या युद्धात लढलेल्या एलजीबीटी सैनिकांचे फोटो. बहुतेकांचे चेहरे झाकलेले होते, ओळख पटली तर युनिटमध्ये काय होईल याची भीती. व्हिक्टर पिलिपेन्को हा सैनिक त्याच निमित्ताने उघडपणे पुढे आला आणि पुढे एलजीबीटी सैनिकांची संघटना उभी राहिली. २०२२ नंतर गणवेशावर युनिकॉर्नचा, म्हणजे एकशिंगी घोड्याचा बिल्ला आपली खूण म्हणून लावणारे एलजीबीटी सैनिक दिसायला लागले. सैनिकाचं शरीर म्हणजे तर सगळ्यात कडक पुरुषी शरीर, आणि तिथेच आत शिरून हे लोक म्हणाले की आम्हीही हेच आहोत. समाजाचं मत खरोखर बदलायला लागलं ते इथून, असं मला वाटतं.

१० ऑक्टोबर २०२२ ला कीवच्या मध्यभागी शेव्हचेन्को पार्कजवळ रशियन क्षेपणास्त्र पडलं, खानेन्को म्युझियमच्या खिडक्या, काचेचं छत फुटलं. सर्जियस-बॅकसची प्रतिमा नंतर सुरक्षिततेसाठी पॅरिसला लूव्रमध्ये गेली आणि २०२३ मध्ये तिथे मांडली गेली. त्याच २०२३ च्या मार्चमध्ये खासदार इन्ना सोव्सुन यांनी नोंदणीकृत जोडीदारीचं विधेयक संसदेत आणलं. त्याआधी २०२२ मध्ये समलिंगी लग्नासाठीच्या अर्जावर २५ हजारांहून जास्त सह्या झाल्या होत्या आणि झेलेन्स्कींचं उत्तर आलं होतं की युद्ध चालू असताना राज्यघटना बदलता येत नाही, पण जोडीदारीचा मार्ग बघू. विधेयक समितीत अडकलं. याचा अर्थ रोजच्या आयुष्यात असा, की सैनिक जखमी झाला तर त्याच्या जोडीदाराला ऑपरेशनसाठी सही करता येत नाही, आणि मेला तर शवागारातून शरीर ताब्यात घ्यायचा हक्क आईवडिलांचा, भावाबहिणीचा, ज्यांनी कदाचित दहा वर्षांत फोनही केला नसेल. सोव्हिएत फाइलींत या लोकांची शरीरं गुन्ह्याचा पुरावा म्हणून सापडतात, आणि आत्ता ज्या सरकारसाठी ती लढतायत त्याच्या फॉर्मवर जोडीदाराचा रकानाच नाहीये.